मेल कडेठाणला थांबत नाही

(स्थळ : वरवंड. पुणे–सोलापूर महामार्गाच्या कडेचं सेवा केंद्र. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, ‘उधार उद्या’ची पाटी. वेळ : शुक्रवार, सकाळचे साडेअकरा. पात्रं : गुऱ्हाळाचे मालक, म्हणजे गावाचे अण्णा, केंद्रवाला पोरगा, आणि आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी बसलेल्या मावशी.)

अण्णा : पोरा, मेल बंद पडलाय. वाशीच्या व्यापाऱ्यानं सोमवारी फोन केला, म्हनला अण्णा, ऑर्डर मेलवर टाकलीया. आज शुक्कीरवार. अजून पत्ता न्हाई.

मावशी : मेल कडेठाणला थांबत न्हाई. पॅसेंजर थांबती. मेल धरायची तर दौंडला जावं लागतंय.

अण्णा : आवं, ती मेल न्हवं मावशी. तो मेल.

केंद्रवाला : अण्णा, येत नाही का जात नाही? हे दोन वेगळे आजार आहेत.

अण्णा : जातोय का ते म्या बघितलंच न्हाई. म्या कुणाला कशाला मेल करू? फोन हाय की.

केंद्रवाला : बरं. घरी नेट चालू आहे?

अण्णा : नातू सकाळधरनं रीलच बघतोय. पर म्या म्हंतो, हायवेला जेसीबी लावलाय, त्येनंच केबल तोडली आसंल.

केंद्रवाला : केबल तुटली असती तर रील आधी बंद पडली असती. तसं झालंय म्हणा. २०११ साली जॉर्जियात एका पंचाहत्तर वर्षांच्या म्हातारीनं तांब्याची तार शोधायला जमीन खणली, कुदळ केबलला लागली आणि शेजारच्या आर्मेनिया देशाचं इंटरनेट तासन्‌तास बंद. निदान तिथल्या पोलिसांचं तरी असं म्हणणं होतं.

मावशी : म्हातारीवर ढकललं आसंल. जेसीबीवाला सापडला नसंल.

केंद्रवाला : अण्णा, शेतावरची मोटार बंद पडली की तुम्ही आधी काय बघता?

अण्णा : शेजारच्याची चालू हाय का ते. त्येचीबी बंद आसंल तर डीपी गेली. त्येची चालू आसंल तर आपली जळली.

केंद्रवाला : मेलचंही तसंच. शेजारच्या गुऱ्हाळाचा मेल येतोय?

अण्णा : त्येचं नाव काढू नगं.

केंद्रवाला : राहिलं. मीच माझ्या मेलवरून तुम्हाला एक टाकून बघतो. (टाकतो. वाट बघतो. मग दुसरंच काहीतरी उघडतो आणि मान हलवतो.) अण्णा, मोटार नाही जळली, डीपी पण ठीक आहे. तुमचं डोमेन गेलंय.

अण्णा : गेलं म्हंजी? चोरीला?

केंद्रवाला : मुदत संपली. रविवारी रात्री. डोमेन म्हणजे पत्त्यातलं ॲटच्या पुढचं नाव. ते कायमचं विकत मिळत नाही, खंडानं मिळतं. एक वर्ष, दोन वर्षं, एका वेळी जास्तीत जास्त दहा.

अण्णा : धा वर्साच्या खंडानं मुरमाड रानबी कुणी देत न्हाई आजकाल. मंग आता? दुसऱ्यानं घेतलं का?

केंद्रवाला : इतक्यात नाही. मुदत संपल्यावर सवलतीचे दिवस असतात, बरेच जण महिनाभर तरी देतात. तेवढ्यात भरलं तर नेहमीचेच पैसे. पुढचे तीस दिवस दंडाचे, त्यात चामडी सोलतात. मग पाच दिवस नाव गोठवून ठेवतात, आणि त्यानंतर कुणीही उचलावं.

अण्णा : शेजारचा उचलंल.

केंद्रवाला : म्हणून आजच भरू.

अण्णा : पर सोमवारचा मेल? तो गेला का मेला?

केंद्रवाला : पालखीचे मुक्काम सांगा बरं.

अण्णा : तुकोबांच्या? लोणी काळभोर, यवत, वरवंड, मग उंडवडी. ते का इचारतोस?

केंद्रवाला : मेल असाच मुक्काम करत येतो, आणि दर मुक्कामी डोक्यावर शिक्का पडतो, किती वाजता पोचला त्याचा. आता समजा पालखी यवतहून निघाली आणि इकडं कुणी वरवंडची पाटी फिरवून एका कुलूपबंद गाळ्याकडं लावली.

मावशी : पालखीला वरवंडची वाट पाटी बघून घावतीय व्हय रं?

केंद्रवाला : मावशी, मेलला भक्ती नसते, पाटीच लागते. त्या पाटीला एमएक्स म्हणतात. मुदत संपली की कंपनी तुमची पाटी काढून स्वतःची लावते. मेल त्या गाळ्याची कडी वाजवतो, कुणी उघडत नाही, मग परत यवतला जाऊन बसतो. थोड्या वेळानं पुन्हा येतो, कडी वाजवतो.

अण्णा : यवतला बसायला काय, पिठलं-भाकरी हाय.

केंद्रवाला : पण किती दिवस? रीत चार-पाच दिवसांची. तोवर दार उघडलं नाही की मेल माघारी देहूला, आणि पाठवणाऱ्याच्या हातात चिठ्ठी, की पोचवता आला नाही.

अण्णा (बोटं मोजत) : सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार… आरं, म्हंजी आजच!

केंद्रवाला : आजच. आता सांगा, मुदत संपायची नोटीस आली होती का? महिनाभर आधीपासून येते.

अण्णा : मला न्हाई आली. तलाठ्यालाबी न्हाई आली.

केंद्रवाला : तलाठ्याला कशी येईल? मेलवर येते.

अण्णा : कंच्या मेलवर?

केंद्रवाला : ह्याच.

अण्णा : वा! आड कोरडा पडलाय ही दवंडी आडात उतरून द्यायची!

केंद्रवाला : पण तेव्हा आड कोरडा नव्हता, मेल चालू होता. मग नोटीस गेली कुठं? थांबा, मागच्या दारानं तुमची पेटी उघडतो. पासवर्ड?

अण्णा : गावाचं नाव आन् एक दोन तीन.

केंद्रवाला : हे मोठ्यानं सांगायचं नसतं.

मावशी : समद्या गावाचा तोच हाय.

केंद्रवाला (बघतच राहतो) : अण्णा. पेटी काठोकाठ भरलीय. एकसष्ट हजार मेल. सगळ्यात फोटो. सगळ्या फोटोंत धूर.

अण्णा : तो आपला गुऱ्हाळाचा कॅमेरा. गडी चिपाडं चोरून न्हेत्यात म्हणून लावला. कायबी हाललं की फोटो मेल करतोय.

केंद्रवाला : आणि तोंड चुलवाणाकडं?

अण्णा : मंग? चिपाडं तितंच की.

केंद्रवाला : धूर हलतो, अण्णा!

अण्णा : हाललाच पायजे. धूर हालायचा थांबला तर चुलवाण विझलं म्हणायचं.

केंद्रवाला : दिवाळीलाच पेटी भरली. त्यानंतरची एकही नोटीस आत शिरली नाही. पण लाजू नका. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट एका डोमेनचे पैसे भरायला विसरली, आणि हॉटमेलवाल्या लोकांना स्वतःची पत्रं उघडता येईनात. शेवटी अमेरिकेतल्याच एका परक्या माणसानं स्वतःच्या कार्डवरून पैसे भरून टाकले. पस्तीस डॉलर.

अण्णा : एवढी मोठी कंपनी, आन् पस्तीस डॉलरपायी?

मावशी : जावई करून घ्यावा असा माणूस.

(अण्णा गप्प होतात.)

केंद्रवाला : डोमेन कुणाच्या नावावर आहे, अण्णा?

अण्णा : …जावयाच्या.

केंद्रवाला : मग लावा फोन.

अण्णा : बोलत न्हाई आमी. दिवाळीपासनं.

मावशी : अंगठी हलकी पडली आसंल.

(केंद्रवाला अण्णांच्या खिशातला मोबाइल काढून नंबर लावतो आणि स्पीकर चालू करतो.)

अण्णा : जावईबापू, म्या बोलतोय. ते मेलचं…

जावई (फोनवर) : मेल? अण्णा, मी चार मेल केले तुम्हाला. डोमेनची मुदत संपतेय, माझं कार्ड बंद झालंय, नवीन कार्डवरून भरू का तुम्ही भरता, म्हणून. चारही परत आले. नकार आला, नकार! मला वाटलं, तुम्ही मला ब्लॉकच केलं.

केंद्रवाला : दाजी, परत आलेल्या मेलमध्ये आकडा काय होता?

जावई : पाचानं सुरू होणारा कसलातरी.

केंद्रवाला : चारानं सुरू झाला तर जरा वेळानं या. पाचानं सुरू झाला तर येऊच नका. आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं असतं की पेटी भरली आहे. तेवढी ओळ कुणीच वाचत नाही.

अण्णा : आवं, पर मंग फोन का न्हाई केला?

जावई : जावयानं फोन करायचा?

मावशी : तेबी खरं हाय.

(जावई पासवर्ड देतो. केंद्रवाला टाकतो.)

केंद्रवाला : आता ओटीपी गेलाय. शेवटी सत्तेचाळीस असलेल्या नंबरवर. कुणाचा?

अण्णा : गुऱ्हाळाचा फोन. गुळव्याकडं असतोय. (फोन लावतात.) आरं, तुझ्या फोनवर एक आकडा आलाय बघ. वाच.

गुळव्या (फोनवर) : मालक, आत्ता न्हाई. पाक चढलाय.

केंद्रवाला : त्यांना सांगा, ओटीपी दहा मिनिटांत मरतो.

अण्णा : पाक दोन मिनिटांत मरतोय. ओटीपी दुसरा मागवता येतो, पाक मागवता येत न्हाई. मळी काढून झालीया, भेंडीचं पाणी टाकून झालंय, आता त्यो पाण्यात थेंब टाकून गोळी वळून बघतोय. गोळी वळायच्या आधी काहील उतरवली तर गूळ बसत न्हाई, आन् उशीर झाला तर करपतोय. तितं राष्ट्रपतीचा फोन आला तरी त्यो उचलायचा न्हाई.

(पहिला ओटीपी मरतो. दुसरा मागवतात. काहील उतरते.)

गुळव्या : हां, मालक. आलाय आकडा. पर सांगता येत न्हाई.

अण्णा : का?

गुळव्या : खाली लिवलंय, कुणालाबी सांगू नका. टीव्हीवरबी सांगत्यात.

अण्णा : आरं, म्या मालक हाय!

गुळव्या : असंच म्हणून फसवत्यात.

मावशी : शहाणा हाय गुळव्या.

(अण्णा त्याला चिपाड चोरणाऱ्या गड्याचं नाव सांगून ओळख पटवतात. तोवर दुसराही मरतो. तिसरा येतो.)

गुळव्या : लिवून घ्या. सात… दोन… थांबा, बोट चिकटलं… नऊ…

केंद्रवाला (घाम पुसत) : बसला! अण्णा, किती वर्षांचे भरू?

अण्णा : पाच. आन् नाव माझं टाक. जावयाचंबी ठिव, दोन नंबरला.

केंद्रवाला : आणि नोटिसा ह्या पत्त्यावर नकोत. दुसरा एक फुकटचा पत्ता काढू, नोटिसा तिकडं. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आणि दर दिवाळीला नव्या कॅलेंडरवर उतरवायची. कॅमेऱ्याचं मेल करणं बंद. जुन्या ऑर्डरी ठेवायच्या तर त्यांची एक प्रत वेगळ्या जागी. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलवर काही लोकांच्या पेट्या अचानक रिकाम्या दिसायला लागल्या, तेव्हा गूगलनं चुंबकीय फितीवर उतरवून ठेवलेल्या प्रतींतून पत्रं परत आणली. गूगल फितीवर ठेवतं, आणि तुम्ही धुराचे फोटो ठेवलेत.

अण्णा : आता चालू झाला का मेल?

केंद्रवाला : पाटी लागली. पण जुनी पाटी लक्षात ठेवलेल्यांना नवी दिसायला वेळ लागतो. खडकवासल्याहून कालव्याला पाणी सोडलं की आपल्या व्हिक्टोरिया तलावात लगेच येतं का?

अण्णा : वरचे काढू देतील तवा.

केंद्रवाला : हे एवढं लांबत नाही. संध्याकाळपर्यंत येईल. तोवर मी धूर पुसतो.

अण्णा : एकसष्ट हजार? त्यातला एक ठिव. चिपाडं न्हेणारा दिसला तर.

मावशी : माझं झेरॉक्स?

(लाईट जाते.)

(व्यापाऱ्याचा मेल संध्याकाळी पावणेसातला आला, सोमवारच्याच तारखेचा, डोक्यावर सगळे शिक्के घेऊन. जावयाचे चार मेल आले नाहीत. परत गेलेला मेल आपण होऊन पुन्हा येत नसतो, तेव्हा अण्णांनी त्याला रविवारी जेवायला बोलावलं, फोन करून. डोमेन पाच वर्षांसाठी अण्णांच्या नावावर झालं. ओटीपी मात्र अजून गुळव्याच्याच फोनवर येतो. नंबर बदलायला जुन्या नंबरवरचा ओटीपी लागतो, आणि तेवढ्यात दुसऱ्या काहिलीचा पाक चढला होता.)