अपग्रेडकर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एक गृहस्थ पाटावर बसलेले दिसतात. पुढ्यात काळी थंडरबर्ड ३५०, नाकावर जवळचा चष्मा आणि मांडीवर हिरव्या दोरीनं बांधलेली फाइल. लांबून बघणाऱ्याला ते पूजेला बसलेत असं वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. त्यांचं खरं आडनाव तुम्हाला सांगून उपयोग नाही. मनातल्या मनात मी त्यांना अपग्रेडकर म्हणतो.

ही जमात पुण्यात घरटी नसली तरी इमारतीमागे एक नक्की सापडते. पन्नाशी उलटलेली, गुडघा कुरकुरायला लागलेला, गृहकर्ज नुकतंच फिटलेलं, आणि खाली एक क्रूझर. क्रूझर म्हणजे पाय पुढे पसरून, पाठ सैल सोडून, कुणाला कसलीच घाई नसल्यासारखं चालवायची गाडी. ती घेणाऱ्यानं वेगाचा नाद सोडला असावा अशी आपली समजूत. पण सिंहगड रस्त्यावर बसच्या मागे ताशी पंचवीसनं सरकणाऱ्या अपग्रेडकरांच्या डोक्यात ‘टॉप एंडला गाडी जरा मरते’ हाच विचार चालू असतो. त्या टॉप एंडला ते एकदाही गेलेले नाहीत. गाडी २०१३ची, रनिंग अकरा हजार, आणि त्यातलं निम्मं गॅरेजला जाण्या-येण्यात झालेलं.

ते एका सहकारी बँकेत ऑडिटला आहेत. तेव्हा इंजिनात काही घालायचं तर रीतसर खरेदी प्रक्रिया. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, शेरा. दिल्लीला लग्नाला गेले तर करोल बागेतून कॅमचा भाव घेऊन आले. लग्न कुणाचं होतं ते वहिनींना विचारावं लागतं. तक्त्यात चार रकाने आहेत: भाग, दर, ताकद किती वाढेल याचा विक्रेत्याचा दावा, आणि शेरा. एकदा त्यांनी दाव्यांच्या रकान्याची बेरीज केली. फिल्टरचे दोन, प्लगचा एक, सायलेन्सरचे तीन, कॅमचे चार, असं करत कंपनीची १९.८ अश्वशक्ती कागदावर तिशीच्या पार गेली. गाडी खाली होती तिथेच होती, तिच्यावर मांजर झोपलं होतं.

खरी अडचण अशी की इंजिन हे एकत्र कुटुंब आहे. एका जावेला काही घेतलं की बाकीच्या फुगतात. कोन फिल्टर बसवला तर हवा जास्त येते. हवा वाढली की त्या मानानं पेट्रोल कमी पडतं, म्हणून कार्ब्युरेटरचा मेन जेट मोठा हवा. जेट म्हणजे डाळीच्या दाण्याएवढा पितळेचा तुकडा, त्यावरचा आकडा वाचायला अपग्रेडकर आईचं पोथी वाचायचं भिंग घेऊन येतात. आत जास्त गेलं ते बाहेरही पडायला हवं, म्हणून सायलेन्सर मोकळा हवा. मग कॅम तेवढा जुना का ठेवायचा? ताकद वाढली की क्लचच्या प्लेटा घसरणार. गाडी पळायला लागली की थांबवायचीही सोय हवी, म्हणून ब्रेक. फिल्टरपासून सुरू झालेला हिशेब पुढच्या टायरपाशी येतो, तेव्हा नवीन गाडी स्वस्त पडली असती. हे मी एकदा बोलून दाखवलं. पंधरा दिवस ते माझ्याशी फक्त पाण्याच्या टँकरबद्दल बोलत होते.

सायलेन्सरचा प्रस्ताव मात्र त्यांनी एका ओळीत निकाली काढला. १७५ सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल. फट्-फट् करत जाणाऱ्या पोरांचे सायलेन्सर काढून पोलीस भर रस्त्यात त्यांच्यावर रोड रोलर फिरवतात, त्याची वर्तमानपत्रातली कात्रणं फाइलला जोडलेली. शेरा: ‘प्रतिष्ठेस बाधा. नामंजूर.’

त्यांचं खरं प्रेम आहे १७ मिलिमीटरवर. ही गोष्ट त्यांनी मला सत्यनारायणाच्या निमंत्रणाच्या पाठीवर गणित करून समजावली. त्यांच्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. म्हणून ३४६ सीसी. याच घरातल्या ५०० सीसीच्या गाडीचा बोअर ८४, स्ट्रोक पुन्हा ९०. आणि कॉन्टिनेन्टल जीटी ५३५ निघाली तिचा बोअर ८७ आणि स्ट्रोक?

“नव्वद,” मी म्हणालो.

“अरे नव्वदच!” त्यांनी माझा हात धरला. “स्ट्रोक तिन्हींचा एक. म्हणजे माझ्यात आणि ५३५मध्ये अंतर किती? फक्त १७ मिलिमीटर!”

‘माझ्यात’ म्हणाले ते. गाडीत नव्हे.

पिस्टन मोठा घातला की क्रँककेसचं तोंड कापून मोठं करायचं, क्रँकचा तोल नव्यानं साधायचा, हे सगळं त्यांना पाठ आहे. पण आरसीवर ३४६ लिहिलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यावर २०१९च्या जानेवारीतला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. कंपनीनं जे दिलं त्यात असा फेरफार चालत नाही. ऑडिटच्या माणसाला रेकॉर्ड आणि वस्तुस्थिती यांतली तफावत सोसत नाही. त्यामुळे १७ मिलिमीटरची टिपणी फाइलमध्ये सगळ्यात वर आणि कायमची प्रलंबित. मला वाटतं, ती तशी आहे म्हणूनच ते सुखी आहेत.

२०२०च्या नोव्हेंबरात थंडरबर्डच्या जागी मिटिऑर आली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या पोरानं घेतली. नवं इंजिन, ताकद २०.२. अपग्रेडकर तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, “इतक्या वर्षांत यांनी वाढवली किती? पॉइंट चार!” मग चालू इंजिनावर हात ठेवून बघितलं. आत बॅलन्सर शाफ्ट असल्यानं ते फारसं थरथरत नव्हतं. “झोपलंय का हे?” एवढंच विचारून वर निघून गेले. त्यांच्या स्वतःच्या गाडीनं एकदा थरथरून नंबर प्लेटचा स्क्रू पाडला होता, तो त्यांनी डबीत जपून ठेवलाय.

तर अशा माणसानं मागच्या महिन्यात प्रत्यक्ष खरेदी केली. इरिडियम प्लग. या इंजिनाला दोन लागतात. तीन आठवडे अभ्यास, नाना पेठेत चार खेपा. खरेदीआधी रविवारी पहाटे कात्रज घाटात चाचणी. भिलारेवाडीपासून जुन्या बोगद्यापर्यंत, तिसऱ्या गिअरमध्ये, मागे मी. मी म्हणजे वजन. आदल्या रात्री त्यांनी मला बाथरूममधल्या काट्यावर उभं केलं होतं. हेल्मेट, जाकीट धरून ७९ किलो ४००.

“मिसळ नंतर,” त्यांनी बजावलं. “आकडा बदलेल.”

पुढच्या शनिवारी संध्याकाळी गॅरेजला गेलो. अपग्रेडकरांना तेवढ्यात वहिनींचा फोन आला म्हणून ते रस्त्याच्या कडेला जाऊन बोलत राहिले. फिटरनं जुने प्लग काढले. टोकाला चहासारखा तांबूस रंग. “याला काय धाड भरलीय?” असं पुटपुटत त्यानं नव्याचं खोकं फोडलं, एक प्लग जुन्याशेजारी धरला आणि माझ्याकडे बघितलं. नव्याचे आटे जुन्यापेक्षा चांगलेच लांब होते. “हा बसवला तर आत पिस्टनला लागंल, दादा. दुकानदारानं भलताच दिलाय. साहेबांना सांगा, बदलून आणा म्हणावं.” जुनेच पॉलिश पेपरनं घासून, गॅप लावून त्यानं परत बसवले. सैल चेन ताणली, तिला तेल सोडलं, चाकांत हवा भरली. खोकं माझ्या जाकिटाच्या खिशात गेलं.

मी सांगणार होतो. देवाशप्पथ सांगणार होतो. पण घरी पोचून बूट काढतोय तोच फोन वाजला.

“काय लोण्यासारखी आली रे घरी! आपला पैसा वसूल! मी आज झोपत नसतो बघ.”

यावर काय सांगणार?

रविवारी पहाटे पुन्हा घाट. तोच तिसरा गिअर, तेच जाकीट. बोगद्यापाशी त्यांनी गाडी लावली, हेल्मेट काढलं, घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. नऊ सेकंद कमी लागले होते. पन्नाशी उलटलेला, ऑडिटमध्ये आयुष्य घालवलेला माणूस कठड्याशी उभा राहून खालच्या पुण्याकडे बघत होता, आणि त्याचे डोळे जरा ओले होते. वारा होता म्हणा.

मग त्यांनी डिकीतून फाइल काढली. टाकीवर ठेवून नोंद केली: दिनांक, वेळ, तापमान, फरक. शेऱ्यात ‘दावा ग्राह्य’. त्याखाली फूटपट्टीशिवाय सरळ रेघ मारून लिहिलं ‘साक्षीदार’, आणि फाइल माझ्यापुढे केली.

“पेन आहे?”

पेन जाकिटाच्या आतल्या खिशात होतं, खोक्याच्या खाली. जरा खुडबूड करून काढलं, आणि सही केली.