चिरंजीव गाडी मागवतात

कोथरूड किंवा सहकारनगरच्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या फाटकाशी सकाळी साडेदहाला एक पांढरी गाडी येऊन थांबते. ड्रायव्हर फोन लावतो. तो उचलला जातो कॅलिफोर्नियात. तिथं रात्रीचे दहा वाजलेले असतात.

"सर, लोकेशनला आलोय. कुठंय तुम्ही?"

"मी सॅन होजेला आहे. आई खाली उतरतेच आहे."

ड्रायव्हर नवा असेल तर सॅन होजे ही बाणेरच्या पुढं झालेली एखादी नवी स्कीम समजून तो गाडी वळवायला लागतो. जुना असेल तर तो काच खाली करून निवांत बसतो. आपलं भाडं जिन्यातून येतंय आणि मालक समुद्रापलीकडून बोलतोय, हे त्याला सवयीचं झालेलं असतं.

हे गाडी मागवणारे चिरंजीव पुण्यात आता घरोघरी आहेत, म्हणजे घरात नाहीत. पुण्यात होते तेव्हा 'नाक्यावरून रिक्षा आण रे' म्हटलं की यांना चपला सापडायला पाऊण तास लागायचा. आणि शेवटी आईच जाऊन रिक्षा घेऊन यायची. तोच मुलगा आज साडेतेरा हजार किलोमीटरवरून तीन मिनिटांत गाडी दारात उभी करतो, आणि आई शेजारणींना ते कौतुकानं सांगते. रिक्षाचा जुना हिशेब ती काढत नाही. मीच काढतो.

आमच्या मजल्यावरच्या काकूंचे चिरंजीव या जमातीचे अस्सल प्रतिनिधी. गाडी मागवली की ते घरच्या ग्रुपवर एक चित्र टाकतात. त्यात ड्रायव्हरचा फोटो, नाव, गाडीचा नंबर, चार पूर्णांक आठ तारे, आणि ओटीपीभोवती लाल वर्तुळ. वर सूचना : 'पांढरी डिझायर. नंबर बघूनच बसणे.' पुण्यात भाड्याच्या बहुतेक गाड्या पांढऱ्याच असतात, त्यामुळं रंगाचा उपयोग शून्य. काकू नंबर बघतात, पण वेगळ्या कारणासाठी. एमएच बारा असेल तर त्या समाधानानं बसतात. एमएच चौदा असेल तर "हा चिंचवडचा, याला पेठांतलं काय कळणार" असं म्हणून पुढच्या सीटवर जाऊन बसतात आणि रस्ता स्वतः सांगायला घेतात. तो नकाशाकडं बघतो. त्या सांगतात, "डेक्कनला नटराज टॉकीज होतं ना, तिथून पुढं." टॉकीज पाडलं तेव्हा तो पोरगा शाळेत तरी जात होता का, कोण जाणे.

इकडं चिरंजीवांचं खरं काम सुरू झालेलं असतं. ते ठिपका बघत असतात. कर्वे रस्त्यावरून मुंगीसारखा सरकणारा तो ठिपका म्हणजे त्यांची आई. नळस्टॉपला ठिपका थांबला की यांचा श्वास थांबतो. पुण्यात राहणाऱ्याला नळस्टॉपला थांबण्याचं काही वाटत नाही, उलट न थांबलो तर आज बंद आहे का अशी शंका येते. पण चिरंजीवांनी शहर सोडून पंधरा-सोळा वर्षं झाली. त्यांच्या डोक्यातल्या पुण्यात विद्यापीठ चौकातले ते पूल अजून शाबूत आहेत, जे २०२० मध्ये पाडले. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकांनी उडवला, तेव्हा यांनी ते तिकडं बसून थेट बघितलं होतं. पूल एका दणक्यात पडला नाही, उरलेला जेसीबीनं ओढून काढावा लागला, यावर ग्रुपवर अभियांत्रिकी चर्चाही केली. तरी ड्रायव्हरला फोनवरून रस्ता सांगताना पुलाखालून डावीकडं वळायलाच सांगतात.

परवा ठिपका मधेच थांबला आणि हलेना. चिरंजीवांनी आईला फोन केला. तो पर्समध्ये, पर्स गाडीत. मग ड्रायव्हरला केला.

"गाडी का थांबली?"

"मावशी कोथिंबीर घेतायत."

"अहो, बुकिंगमध्ये स्टॉप टाकलेला नाही!"

"ते मी मावशींना सांगितलं, सर. त्या म्हणाल्या, जुडी दहाला देतोय, थांब."

नियमांच्या बाबतीत चिरंजीव पक्के. केंद्र सरकारची २०२५ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यांना पाठ आहेत. गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत जाता येतं. सबळ कारणाशिवाय फेरी रद्द केली तर भाड्याच्या दहा टक्के दंड, कमाल शंभर रुपये. 'ड्रॉप कुठंय? कॅश का ऑनलाइन?' असं विचारून काढता पाय घेणाऱ्या एका ड्रायव्हरला त्यांनी हे कलम फोनवर वाचून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, तिकडं रात्र झाली असंल, झोपा आता," आणि फेरी रद्द केली.

पावसात भाडं दुप्पट झालं की चिरंजीव म्हणतात, "डॉलरमध्ये काहीच नाही गं." काकू डॉलरमध्ये विचार करत नाहीत. त्यांचा विचार मीटरमध्ये चालतो. २०२२ च्या सप्टेंबरात रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे पंचवीस रुपये झाले, तेव्हापासून त्या कुठल्याही वाहनात बसल्या तरी मनातल्या मनात मीटर टाकतात आणि उतरताना ड्रायव्हरला फरक सांगतात. मागत नाहीत काही, नुसता सांगतात. शिवाय बुकिंग एकीचं असतं आणि बालगंधर्वला नाटकाला चौघी उतरतात. मार्च २०२० मध्ये करोना आला आणि अनोळखी लोकांनी एकाच गाडीतून जाण्याची सोय कंपन्यांनी गुंडाळली. आमच्या इमारतीत ती अखंड चालू आहे. प्रत्येकीच्या हातात वर्गणीचे सुटे पैसे तयार असतात, आणि चिरंजीवांना वाटतं आई एकटी जाते म्हणून काळजी घ्यायला हवी.

तारे देणं हा या मायलेकरांतला कायमचा वाद. कोथिंबिरीपाशी विनापरवाना थांबल्याबद्दल चिरंजीव ड्रायव्हरला चारच तारे द्यायला निघाले. काकूंना ते कळलं. तोवर त्यांनी त्याचं गाव, तालुका, गाडीचा हप्ता, बायकोचं माहेर सगळं काढून घेतलं होतं. "पाच दे त्याला. मुलगी दहावीला आहे त्याची." चिरंजीव म्हणाले, तारे सेवेचे असतात, मुलीच्या दहावीचे नसतात. तिकडं रात्रीचे साडेअकरा वाजेपर्यंत हा खल चालला आणि पाच दिले गेले. यात न्याय झाला की नाही हे मला ठाऊक नाही, पण त्या ड्रायव्हरच्या मुलीला गणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका-संचांची पिशवी काकूंनी माझ्याच माळ्यावरून काढून दिली.

नोव्हेंबर हा चिरंजीवांचा हंगाम. काकूंना पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून हा दाखला ऑनलाइन देता येतो, आता तर फोनसमोर चेहरा धरला तरी भागतं, असं चिरंजीव दरवर्षी समजावतात. काकू दरवर्षी नवी साडी नेसून बँकेत जातात. तिथं त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्या भेटतात, आणि कोण आलं नाही हेही तिथंच कळतं. त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागं जातात आणि साडेबारा तासांचं अंतर साडेतेरा होतं. "म्हणजे आता आमच्या सकाळी तो एक तास जास्त जागा," काकू म्हणतात. "बँकेतून परस्पर मंडईत जायची सोय राहिली नाही."

यंदा त्यांनी तोड काढली. दहावीतल्या मुलीच्या बापाचा, त्या लातूरकडच्या ड्रायव्हरचा नंबरच घेऊन ठेवला. ॲप नाही, ओटीपी नाही, ठिपका नाही. मीही बँकेत निघालो होतो म्हणून मला बरोबर घेतलं. निम्म्या वाटेत ड्रायव्हरचा फोन वाजला. स्पीकरवर चिरंजीव.

"कुठपर्यंत आलात?"

काकूंनी ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "त्यांनी मागंच घेतला होता नंबर," तो पुटपुटला. "मीच लोकेशन पाठवतो रोज, मावशी. नाहीतर झोपत नाहीत ते."

काकू रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांना बोलायला जागाच मिळाली नाही. चिरंजीवांनी मुलीच्या सराव परीक्षेचे मार्क विचारले. ड्रायव्हरनं सीएनजीच्या रांगेचं गाऱ्हाणं घातलं. तिकडं पेट्रोल गॅलननं मिळतं, गॅलनचे लिटर किती, ते रुपयांत किती, हा हिशेब दोघांनी मिळून सोडवायला घेतला. ड्रायव्हरच्या गावी, औशाला, यंदा सोयाबीन कसं आलं हेही निघालं. बँकेचं दार मागं पडलं, पुढचा सिग्नलही गेला.

"तुमचं दोघांचं झालं असेल," काकू मागून म्हणाल्या, "तर मला उतरवा कुठंतरी. मी रिक्षा करते."