जाताना उतार, येताना चढ

खांदा कॉलनीत अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. सीएसएमटी किती लांब? ‘लोकल लगेच मिळाली तर सव्वा तास.’ अंधेरी? ‘निघताय कधी, त्यावर आहे.’ त्यामुळे पुतण्या लंडनला गेला तेव्हा शेजारच्या काकांनी आधी तिकीटच मागून घेतलं. जाताना मुंबईहून सकाळी सात, लंडनला साडेअकरा. येताना तिथून रात्री नऊ, इथे सकाळी अकरा.

“जाताना साडेचार तास, येताना चौदा! म्हणजे जाताना उतार आहे,” काका म्हणाले.

हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं, हे मी सांगितलं. काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड केली. जाताना दहा तास, येताना साडेआठ. उतार उलटाच निघाला! अंतर दोन्हीकडून तेच, सुमारे 7,200 किलोमीटर. पण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते विमानाच्या पाठीशी, जाताना तोंडावर. “मग येतानाचं तिकीट स्वस्त हवं. वारा काय कंपनीचा आहे?”

नकाशावरचा विमानाचा मार्ग वाकडा पाहून तर त्यांची खात्रीच पटली, की मीटर वाढवायला लांबून नेतात. मी त्यांच्या नातवाचा पृथ्वीगोल आणून मुंबई ते लंडन दोरा ताणून दाखवला. सरळ रस्ता हाच, सपाट कागदावर तो वाकडा दिसतो. काकांनी दोरा काढून घेतला आणि सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणला. तो उत्तर ध्रुवाजवळून गेल्यावर त्यांनी काळजीने विचारलं, “खाली उतरावं लागलं तर?” 8 जून 1948 ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं, हे मात्र त्यांना पसंत पडलं. चहापाण्याची सोय पाहिजेच.

आता खरं तर विमानतळ आमच्या दारात आलाय. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागली, गच्चीतून दिसतात, आणि पाहुण्यांना ती दाखवताना आमच्या सोसायटीतला प्रत्येक जण वैमानिकासारखा बोलतो. पण पुतण्याचं विमान उतरणार जुन्याच विमानतळावर. नव्या विमानतळापासून तो, पक्ष्याच्या वाटेने, जेमतेम पंचवीस किलोमीटर. आम्ही काही पक्षी नव्हे.

सकाळी नऊला निघालो. काका पुढच्या सीटवर, मोबाइलवर विमानाचा ठिपका बघत. “मस्कत आलं,” ते म्हणाले, तेव्हा आम्ही कळंबोली सर्कलला. वाशीला लहान गाड्यांचा टोल 2024 च्या ऑक्टोबरात माफ झाला. तुंबायची सवय काही सुटलेली नाही. खाडीपुलावर असताना ठिपका अर्धा अरबी समुद्र ओलांडून आला होता. मानखुर्दला आम्ही ट्रकच्या मागे उभे, तेवढ्यात पुतण्याचा मेसेज: उतरलो.

काकांनी घड्याळ पाहिलं, ट्रककडे पाहिलं.

“अरे, पुढच्या वेळी तो तिकडे हीथ्रोवर बॅगा देईल ना, तेव्हाच आपण इथून निघू. आणि डबा घेऊ बरोबर.”