पडघ्यात पॉडकास्ट कसा काढावा

पॉडकास्ट काढायचं ठरलं की आधी माइक घ्यावा. विषय पुढेमागे सुचतो, न सुचला तरी एपिसोड अडत नाही. माइकसोबत दोन खुर्च्या, मागे निऑनची पाटी आणि कुंडीतलं प्लॅस्टिकचं झाड हवं. सौमित्र पोटे यांचं 'मित्रम्हणे' आणि विनायक पाचलग यांचं 'थिंक बँक' एकदा नीट पाहून घ्यावं आणि खुर्च्या कशा मांडल्यात ते वहीत टिपावं. पाहुणा येण्याआधी त्यांनी केलेला अभ्यास कॅमेऱ्यात दिसत नाही. तेव्हा तो महत्त्वाचा नसणार.

मग शांतता शोधावी. भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यात हे काम जरा चिवट आहे. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर गोंगाट काढून देतं, पण त्याला आधी नुसत्या गोंगाटाचा, म्हणजे कुणी बोलत नसताना खोलीत उरतो त्या आवाजाचा, नमुना द्यावा लागतो. पंख्यासारखी एकसुरी घरघर त्याला कळते आणि ती बऱ्यापैकी जाते. मुंबई-नाशिक महामार्गावरचा प्रत्येक कंटेनर मात्र वेगळ्या पट्टीत हॉर्न देतो, आणि पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर स्वतःच एपिसोड करतं. अशा वेळी कपाटात शिरावं, अंगावर दोन गोधड्या घ्याव्यात आणि आत बसून 'सक्सेस माइंडसेट'वर बोलावं. घाम ऐकू येत नाही.

विजेचं आधी विचारून ठेवावं. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९पासून पडघ्याला येते. तिची क्षमता १५०० मेगावॉट. एवढ्या लांबून प्रत्यावर्ती प्रवाह आणला तर वाटेत गळती जास्त, म्हणून तिकडे त्याचा एकदिश करतात आणि इथल्या उपकेंद्रात पुन्हा प्रत्यावर्ती. एवढं सगळं दाराशी आहे म्हणून रेकॉर्डिंगच्या मध्यात दिवे जाणार नाहीत, असं समजू नये. वीज पडघ्याला येते. ती पडघ्यात थांबते असं कुणी म्हटलेलं नाही.

आता विषय. विषय शक्यतो सिलिकॉन व्हॅलीचा घ्यावा. घरापासून जितका लांब तितका अधिकार वाढतो आणि चूक काढणारा जवळपास नसतो. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जवळच आमण्याला येऊन संपतो आणि जून २०२५मध्ये त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला, याकडे दुर्लक्ष करावं. भाताच्या खाचरांवर गोदामं कशी उभी राहिली, जमिनीचे पैसे आले त्या घरांत पुढे काय झालं, हे तर अजिबात काढू नये. टीव्हीवाले पडघ्यात येतात ते वाहतूक कोंडीसाठी नाहीतर छाप्यांसाठी. तिसरं काही सांगून त्यांची सवय आपण का मोडावी?

पाहुणा घरचाच बरा. गोदामात सुपरवायझर असलेल्या मावसभावाला बोलवावं आणि 'सप्लाय चेन एक्स्पर्ट' म्हणून ओळख करून द्यावी. पहिला प्रश्न: "दादा, तुमचं मॉर्निंग रूटीन काय?" दादा रात्रपाळी करतो, त्याची सकाळ संध्याकाळी पाचला होते. तो तसं सांगायला लागला की थांबवावं आणि "शिस्त किती महत्त्वाची!" असं म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळावं. माइक बंद झाला की चहा येतो. तेव्हा दादा सांगू लागतो, की हातातला स्कॅनर माणसागणिक तासाचा हिशेब कसा ठेवतो, दिवाळीच्या सेलला पोरं उभ्या उभ्या कशी जेवतात, आणि माल उतरवायचा नंबर लागेपर्यंत बिहारहून आलेला ड्रायव्हर केबिनमध्येच भात कसा शिजवतो. हे सगळं मन लावून ऐकावं. रेकॉर्ड करू नये.

भाषेवर विशेष मेहनत घ्यावी. इथल्या आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो आणि 'ण'चा 'न'. तेवढा भाग एडिटिंगमध्ये कापावा. "आवरला का तुजा? जेवाला ये," अशी आईची हाक मध्येच आली तर तीही कापावी. (माझ्या मते असल्या एपिसोडातलं तेवढं एकच वाक्य मुद्द्याचं असतं. पण मार्गदर्शकानं मतं देऊ नयेत.)

लग्नसराईत रेकॉर्डिंग बंदच ठेवावं. हळदीला डीजे लागला की कपाट, गोधड्या, ऑडॅसिटी कुणाचंच चालत नाही. त्याच मांडवात कधी एखादी म्हातारी धवलारीण दिसेल. आगरी लग्नात धवले गाऊन विधी लावणारी ही बाई. मांडव, हळद, लग्न, प्रत्येक टप्प्याचं गाणं तिला तोंडपाठ असतं. कागद नाही, स्पॉन्सर नाही. ते तिनं आपल्याहून मोठ्या बायकांच्या मागे बसून, त्यांच्या सुरात सूर लावत उचललेलं असतं. नवरीच्या आईचा चेहरा बघून ती कुठे रेंगाळायचं, कुठे आवरतं घ्यायचं ते ठरवते, आणि नात्यांची नावं ऐन वेळी गाण्यात गुंफते. स्वतंत्र निर्मिती म्हणतात ती हीच असावी, पण तिला लोगो नाही, त्यामुळे आपण तिला या क्षेत्रात धरत नाही. डीजेवाला आला की यजमान तिला म्हणतात, "आजी, जरा लवकर घ्या."

तिसऱ्या भागानंतर पाहुणे संपतात, श्रोते त्याआधीच संपलेले असतात. तेव्हा 'लवकरच नव्या सीझनसह' अशी पोस्ट टाकावी. पुढचं काही करावं लागत नाही.

गंमत राहू द्या. धवलारणी आता थोड्या उरल्या आहेत आणि ज्या आहेत त्या वयानं थकल्यात. तुमच्या आळीत कुणी असेल तर परवानगी विचारा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि गाणं संपेपर्यंत मध्ये बोलू नका.