मुंबईची बहीण, वळण मात्र पुण्याचं

1968 साली मुंबई आणि जर्मनीतलं श्टुटगार्ट या दोन शहरांनी एकमेकींना बहीण मानलं. कागदोपत्री ते नातं आजही आहे. आता मुंबईला तीन बाजूंनी समुद्र, तर श्टुटगार्ट डोंगरांच्या खळग्यात बसलेलं, उतारांवर चक्क द्राक्षाचे मळे. मुंबई रात्री झोपत नाही. श्टुटगार्टातल्या इमारतींच्या नियमावल्या रात्री दहानंतर वॉशिंग मशीनसुद्धा लावू देत नाहीत. तिथे राहायला गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यातच खात्री पटते, की हे स्थळ जुळवताना कुणाचं तरी चुकलं. काटकसर, फटकळपणा, नियमांवरचं प्रेम, दारावरच्या पाट्या आणि दुपारच्या झोपेची पवित्रता. बहीण मुंबईची असेल, पण वळण अस्सल सदाशिव पेठेचं.

मराठी माणूस या गावात येतो तो मोटारींच्या पाठोपाठ. गोटलीब डाइमलरचं वर्कशॉप इथल्याच कानश्टाट भागात होतं, रोबेर्ट बॉशने 1886 साली इथेच आपलं दुकान मांडलं आणि पोर्शेचा कारखानाही इथलाच. मर्सिडीजने 1994 मध्ये भारतात पाय ठेवला तोही पुण्यात. त्यामुळे चाकणच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या इंजिनिअरला श्टुटगार्ट हे परदेश वाटतच नाही, हेड ऑफिस वाटतं. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात घासून-पुसून जर्मन शिकून तो इथे उतरतो आणि पहिल्याच दिवशी बेकरीवाली बाई जे बोलते त्यातलं त्याला अक्षर कळत नाही. दोष त्याचा नव्हे. ही भाषा श्वाबी. खुद्द राज्य सरकारने 1999 पासून जाहिरात केली होती, की आम्हाला सगळं येतं, फक्त शुद्ध जर्मन येत नाही. स्वतःच्या उणिवेची इतक्या दिमाखात जाहिरात करणारं दुसरं गाव शोधायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही.

पण श्वाबी संस्कृतीची खरी दीक्षा भाषेतून मिळत नाही. ती जिन्यात मिळते.

एके सोमवारी घराच्या दाराला एक पाटी लटकलेली दिसते: ‘केअरवोखे’. या आठवड्यात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी तुमची. छोट्या केअरवोखेत आपला मजला आणि खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या. मोठ्या केअरवोखेत तळघर, प्रवेशद्वार आणि घरासमोरचा फूटपाथ. ही प्रथा आजकालची नाही. 1492 साली, म्हणजे कोलंबस अमेरिकेच्या वाटेवर होता त्याच वर्षी, श्टुटगार्टच्या शहर-नियमांत लिहिलं गेलं, की प्रत्येकाने आपल्या दारातलं शेण-उकिरडा दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावा. एकाने खंड शोधला, दुसऱ्यांनी झाडू. महापालिकेने आपला झाडण्याचा नियम 1988 मध्ये रद्द केला, पण तोवर तो लोकांच्या रक्तात आणि घरभाड्याच्या करारांत उतरला होता. तिथून तो काढणं कोणत्याही महापालिकेच्या हातात नाही.

ज्याने जन्मभर कामवाल्या मावशींना ‘कोपऱ्यातून नीट काढा हं’ एवढंच सांगितलेलं असतं, त्याच्यावर ही पाटी येते तेव्हा तो आधी हसतो. मग शनिवार येतो. झाडायचं शनिवारीच, आणि झाडताना आवाज झाला पाहिजे, ही अलिखित कलमं त्याला शेजारच्या आजी शिकवतात. बादली पायरीवर जरा आपटायची, कुंचा कठड्याला लागू द्यायचा. मुकाट्याने झाडलेला जिना न झाडलेलाच समजतात. जिना आधीच स्वच्छ असेल तर? तरी झाडायचा. जिना मळला म्हणून कुणी झाडत नाही, शनिवार आला म्हणून झाडतो. पाळी संपली, की पाटी शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. ती अडकवताना मराठी माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं, ते प्रमोशनच्या पत्रानेही उमटत नाही.

जिन्यानंतर कचरा. कागद वेगळा, ओला वेगळा, उरलेला वेगळा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत टाकायच्या: पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी बाटली कुठे? हिरवीत. हे ज्याला न विचारता माहीत असतं, तो इथला झाला असं समजावं. पाणी-कोल्ड्रिंकच्या बहुतेक प्लॅस्टिक बाटल्यांवर 25 सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राला भरवली, की चिठ्ठी मिळते आणि ती गल्ल्यावर वटते. एकाच वेळी काटकसर, शिस्त आणि पर्यावरण! श्वाबी माणसासाठी हा तिहेरी योग आहे.

रविवारी मात्र ती काचेची बाटली पेटीत टाकायची नाही. खळ्ळकन आवाज होतो. भिंतीत ड्रिल मारायचं नाही, दुकानं तर बंदच. भूक लागली तर रेल्वे स्टेशन किंवा पेट्रोल पंप गाठायचा. ही कुणा व्यापारी संघाची लहर नव्हे, राज्यघटनेची आज्ञा आहे. रविवार हा विश्रांतीचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून जपला जाईल, असं 1919 च्या वायमार घटनेने म्हटलं आणि 1949 च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं आपल्यात घेतलं. पुण्यातले दुकानदार एक ते चार दुकान बंद ठेवतात ते निव्वळ स्वतःच्या हिमतीवर. त्यांच्या पाठीशी घटना उभी नाही, हे लक्षात घेतलं तर त्यांचा अधिकच आदर वाटतो.

उन्हाळ्यात आईवडील येतात आणि इंजिनिअरच्या लक्षात येतं, की इतके दिवस आपण या शहरात राहत होतो, शहर पाहिलं नव्हतंच. टीव्हीचा मनोरा आहे, 1956 सालचा, काँक्रीटचे असे मनोरे जगभर उभे राहिले त्यांचा मूळ पुरुष. मोटारींची म्युझियमं आहेत. चढावर चारशेहून जास्त जिने आहेत. वडील पहिल्या तीन जिन्यांनंतर ‘बाकीचे फोटोत बघू’ म्हणतात. हे जिने झाडण्याची पाळी कुणाची, असं आई विचारतात. प्रश्न रास्त आहे.

खरी गंमत हॉटेलात होते. वडील टेबलावर बसताच पाणी मागतात. पाण्याची बाटली येते आणि बिलात तिचे काही युरो येतात. वडील मनातल्या मनात गुणाकार करतात (सहलीचे पहिले चार दिवस ते दुसरं काही करतच नाहीत) आणि म्हणतात, “अरे, एवढ्यात तर आपल्याकडे थाळी येते.” मुलगा समजावतो, “बाबा, इथे नळाचं पाणी देत नाहीत, मागितलं तर तोंड वाकडं करतात.” विरोधाभास असा, की हे गाव पाण्यावर तरंगतं आहे. खनिज पाण्याच्या झऱ्यांच्या बाबतीत युरोपात बुडापेस्टच्या खालोखाल श्टुटगार्टचं नाव घेतात. कानश्टाटच्या चौकात ते पाणी कारंज्यातून फुकट वाहतं. वडिलांना तिथे नेलं, की ते बाटली भरून घेतात, घोट घेतात आणि तोंड जवळपास हॉटेलातल्या वेटरइतकंच वाकडं करतात. खारट, लोखंडी पाणी. पण फुकट, म्हणून बाटली संपवतात.

आई शाकाहारी. मेन्यूकार्डावर ‘माउलटाशे’ दिसते: कणकेच्या पारीत पालक भरलेला. वरवर सात्त्विक. पण त्या पालकात खिमा असतो. सांगतात, की उपवासाच्या दिवसांत माउलब्रोनच्या मठातल्या साधूंनी मांस असं पारीत लपवलं, म्हणजे वरून देवाला दिसणार नाही. देवाला फसवणारा पदार्थ आईंना कसा फसवणार? त्या वेटरला बोलावून सुरीने पारी उघडायला लावतात आणि शेवटी बटाट्याच्या सॅलडवर भागवतात.

मग एका आठवड्यासाठी पॅरिस. श्टुटगार्टहून थेट गाडीने जेमतेम सव्वातीन तास. तिथे हॉटेलात नळाचं पाणी सुरईतून मागावं तितकं मिळतं, तेही कायद्याने, आणि वडिलांच्या मनातलं फ्रान्सचं स्थान एकदम उंचावतं. मोनालिसापुढे मात्र गर्दी पंढरपूरची आणि चित्र 77 बाय 53 सेंटिमीटरचं. आईंनी फोनवर मोठं करून पाहिलं ते जास्त स्पष्ट दिसलं. परतताना स्ट्रासबुर्गला उतरून फ्रान्समधून जर्मनीत ट्रामने जायचा बेत ठरतो. 2017 पासून तिथली ट्राम ऱ्हाईन नदी ओलांडून पलीकडच्या केल गावात जाते. वडील तिघांचे पासपोर्ट हातात पंख्यासारखे धरून पुलावर सरहद्दीची वाट पाहतात. ट्राम पूल ओलांडते, थांब्यावर माणसं उतरतात आणि भाजी घ्यायला निघून जातात. व्हिसासाठी मुंबईत घातलेल्या हेलपाट्यांचं असं चीज झालेलं पाहून त्यांना मनापासून वाईट वाटतं.

श्टुटगार्टातल्या शेवटच्या दिवसांत मात्र वडिलांना जिवाभावाची जागा सापडते. मेन स्टेशन. 2010 मध्ये हे स्टेशन जमिनीखाली न्यायचं काम सुरू झालं, 2019 मध्ये उघडायचं ठरलं होतं. तारीख पुढे गेली, मग पुन्हा पुढे. मूळ अंदाजाच्या कैक पट पैसे ओतले गेले, मोर्चे निघाले, पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, जनमतही घेतलं गेलं. पुण्याची मेट्रो बांधताना कर्वे रस्त्यावर वर्षानुवर्षं देखरेख केलेला हा गृहस्थ त्या पत्र्यांच्या कुंपणाशी उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर परदेशात प्रथमच अधिकार दिसतो. शेजारी एक निवृत्त श्वाबी आजोबा रोज येऊन उभे असतात. एकाची मराठी, दुसऱ्याची श्वाबी. हातवाऱ्यांवरून एवढं कळतं, की कंत्राटदाराला दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही, याचं दोघांना सारखंच दुःख आहे.

विमानतळाकडे जायची लोकल पाच मिनिटं उशिरा येते. “बघ, जर्मनीतसुद्धा लेट!” वडील खुशीत म्हणतात. मुलगा त्यांचा आनंद हिरावून घेतो: सहा मिनिटांच्या आतली गाडी जर्मन रेल्वेच्या हिशेबात वेळेवरच धरतात, आणि जी रद्द झाली ती तर हिशेबातच घेत नाहीत. वडील डब्यात चढता चढता थांबतात, ही युक्ती दोनदा समजून घेतात आणि पुण्याला गेल्यावर कोणाकोणाला सांगायची त्यांची नावं मोजू लागतात.