सेक्रेटरी काळ्या पाण्यावर

हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी झालेला माणूस ताजमहालापुढे उभा राहिला तरी आधी गळती कुठे आहे ते बघतो. आमच्या अंदमानच्या सहलीत असे एक सेक्रेटरी होते. ठाण्याचे, चार विंगांचे, दर खेपेला बिनविरोध. बिनविरोध अशासाठी, की दुसरं कुणी अर्जच भरत नाही.

सेल्युलर जेलच्या मधल्या मनोऱ्यापाशी गाइडने सुरुवात केली. १८९६ ला बांधकाम सुरू, १९०६ ला पूर्ण, राबले कैदीच. मनोऱ्यातून सात विंगा निघायच्या आणि वरचा एकटा पहारेकरी सगळ्यांवर नजर ठेवायचा.

"सातांना एक वॉचमन?" सेक्रेटरींचा आवाज कापरा झाला. "आमच्याकडे चारांना तीन आहेत हो. तिघंही झोपतात."

एका विंगेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये, हे ऐकून आम्ही गप्प झालो. सेक्रेटरी मात्र वहीत आकृती काढत होते. कोठडीत शिरून त्यांनी भिंतीवर टिचकी मारली, वरचा झरोका पाहिला, मनात गुणाकार केला आणि "जेमतेम शंभर फूट कार्पेट" असं जाहीर केलं. कडी दारापासून लांब, भिंतीतल्या खोबणीत, आतल्याचा हात पोचूच नये अशी. ती त्यांनी चारदा लावून पाहिली. चौथ्या वेळी त्यांच्या सौभाग्यवती आत होत्या.

"आता तीनच विंगा उरल्यात," गाइड म्हणाला. १९४१ चा भूकंप, मग जपान्यांचा ताबा, पुढे आवारात रुग्णालय.

"रीडेव्हलपमेंट! सभासदांची संमती घेतली होती?"

गाइड मराठी नव्हता, हे त्याचं नशीब.

मनोऱ्यात संगमरवरावर कोरलेली कैद्यांची नावं आहेत, प्रांतवार. सेक्रेटरी ती चष्मा कपाळावर चढवून, बोट फिरवत वाचत गेले. थकबाकीदारांची यादी वाचायची सवय, दुसरं काय. पण बंगालची नावं संपेचनात, तसं बोट हळू झालं.

कोलूपाशी ते पहिल्यांदा बिघडले. कैद्याला बैलासारखं जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावत आणि कमी भरलं तर शिक्षा, हे ऐकून म्हणाले, "हे कुठल्या नियमात बसतं?" जेलर बारीचा पुतळा समोर असता तर त्यांनी त्याला नोटीसच चिकटवली असती.

तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या, सावरकरांच्या कोठडीत सगळी मराठी माणसं जातात. सेक्रेटरींनी चपला बाहेर काढल्या, तसबिरीला हात जोडले, डोळे पुसले. यात नाटक नव्हतं, मी शेजारीच होतो. त्यांचे थोरले भाऊ बाबाराव याच तुरुंगात होते आणि तरी कितीतरी काळ दोघा भावांना एकमेकांचा पत्ता नव्हता, हे गाइडने सांगितलं. बाहेर आल्यावर सेक्रेटरी कठड्याला टेकून म्हणाले, "आमच्या बी विंगेत दोन सख्खे भाऊ आहेत. दारासमोर दार. दहा वर्षं बोलत नाहीत. त्यांना कुणी कोंडलंय?"

मग पार्किंगवरून झालेल्या त्या भांडणाची हकीकत जिना उतरून होईपर्यंत चालली.

निघताना त्यांनी अभिप्रायाची वही मागून घेतली आणि उभ्याउभ्या लिहिलं: "वास्तू पाहून कृतार्थ झालो. तिसऱ्या मजल्यावर ज्येष्ठांना चढता येत नाही, सोय व्हावी. तीस पौंड तेलाबद्दल तत्कालीन व्यवस्थापनाचा तीव्र निषेध." खाली लफ्फेदार सही, मानद सचिव. वही मिटता मिटता थांबले आणि पेन माझ्यापुढे केलं.

"अनुमोदक म्हणून तुम्ही करा. नाहीतर ठराव ग्राह्य धरत नाहीत."

मी केली.