सीलकाका

मुचकुंदीच्या मुखाशी, पूर्णगडाच्या उतारावर, मुंबईच्या कारखान्यातून रिटायर होऊन आलेले एखादे काका भेटतातच. बाकीचे चाकरमानी देवस्थानचा हिशेब नाहीतर भावकीची केस धरून बसतात. या काकांनी पंप धरलेला असतो. अख्खा पंपही नव्हे, फक्त त्याच्या शाफ्टपाशी पाणी अडवणारं मेकॅनिकल सील.

“काका, शिमग्याला नवं सील टाकलं, परत गळतंय,” असा निरोप कलमांच्या बागेतून आला की काका निघतात आणि आधी विहिरीत डोकावतात. पाणी फुटव्हॉल्व्हपर्यंत उतरलेलं दिसलं की त्यांची कळी खुलते. सीलच्या दोन चकत्यांमध्ये, एक कार्बनची, एक सिरॅमिकची, पाण्याचा पापुद्रा असतो, जेमतेम मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. पंपाने हवा ओढली की तो जातो, चकत्या कोरड्या घासतात. तापलेल्या सिरॅमिकवर पुन्हा गार पाणी आलं की तडा. चरे पडलेला कार्बन काका मग डॉक्टरने एक्स-रे धरावा तसा उजेडात धरतात.

मिस्त्री नवी चकती अंगठ्याने पुसू लागला की काका ओरडतात. वाळूचा एक कण पुरे! शिवाय ते शाफ्ट धरून वरखाली हलवून बघतात, कारण बेअरिंग खिळखिळं असेल तर सोन्याचं सील घातलं तरी गळणार. मिस्त्री मात्र सीलच बदलतो. मालकाने पैसे तेवढ्याचेच कबूल केलेले असतात.

जुन्या पंपाच्या ग्लँडमध्ये सीलच्या जागी दोरी असायची. तिने थेंबथेंब गळायचंच. नट आवळला की दोरी जळायची आणि शाफ्टही खायची. ही गोष्ट काका १९१० सालच्या किर्लोस्करवाडीपासून सुरू करतात, तेव्हा ऐकणारा चहाला जातो.

बंदरावर त्यांचं फारसं चालत नाही. खारं पाणी चकत्यांत सुकलं की मिठाचे कण कार्बन ओरबाडतात, म्हणून काम झालं की पंप गोड्या पाण्याने धुवा, रेती येत असेल तर दोन्ही चकत्या सिलिकॉन कार्बाइडच्या घ्या, असं ते सांगतात.

“मे महिन्यात मला आंघोळीला पाणी नाय, आनि पंपाला घालू?” खलाशी विचारतो.

यावर काका ३१६ ग्रेडच्या स्टीलकडे वळतात.

बागवाल्याला मात्र काकांचं पटतं. पाणी तुटलं की मोटर आपोआप बंद करणारं पॅनेल आणायला तो पोराला रत्नागिरीला धाडतो. पोरगा संध्याकाळी दोन सीलं घेऊन परत येतो. स्वस्त पडली म्हणून.